बर्फाच्या गावात मास्तरकी: नाशिकच्या डी.एड., बी.एड.वाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी सिन्नर तालुक्यातली. बी.एससी., बी.एड. केलं, केंद्राच्या शाळांची शिक्षक भरतीची परीक्षा दिली आणि पहिलं पोस्टिंग निघालं थेट हिमाचलमधल्या लाहौलला. तिथल्या निवासी शाळेत सहावी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवलं, आता बदली होऊन महाराष्ट्रात आलेय. तेव्हापासून कॉलेज रोड, मखमलाबाद, दिंडोरी, निफाड कुठून कुठून मुलामुलींचे फोन येतात, आईवडिलांचेही येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं. यातलं बरंचसं लाहौल-स्पितीचं आहे, लडाखचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

इथलं सोडून एवढ्या लांब जायचंच कशाला?

हातात राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेची ऑर्डर असेल तर अजिबात जाऊ नका, हे मी आधीच सांगते. शिक्षण सेवकाची तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० मिळतात, कमीच आहेत, पण पुढे रेग्युलर स्केल लागतं आणि घर जवळ राहतं. प्रश्न बाकीच्यांचा आहे. या भरतीसाठीची टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी (टीईटी नव्हे), २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. या मधल्या वर्षांत जे विनाअनुदानितवर राबले किंवा सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवत राहिले, त्यांचं वय निघून चाललंय. अशांनी फक्त महाराष्ट्राच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसू नये असं मला मनापासून वाटतं. केंद्राच्या शाळांत पोस्टिंग देशात कुठेही मिळतं, बर्फाच्या भागात जायला फार लोक तयार नसतात, आणि तिथल्या पोरांना शिक्षकाची गरज खरीखुरी आहे.

नोकरीचे रस्ते नेमके कोणते?

पक्के म्हणावे असे तीन. केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि एकलव्य निवासी शाळा. केंद्रीय विद्यालयं लेहला आणि कारगिलला आहेत. नवोदय आपल्याला नवीन नाही, आपल्या जिल्ह्याचं दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे, लाहौल-स्पितीचं लरी गावात आणि किन्नौरचं रिकाँगपिओला. एकलव्य शाळा केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाच्या, हिमाचलमध्ये लाहौलला कुकुमसेरी आणि किन्नौरला निचार इथे आहेत. भरती सगळी देशपातळीवर होते आणि फॉर्म भरतानाच 'भारतात कुठेही' हे मान्य करावं लागतं, त्यामुळे मला लडाखच द्या असं म्हणून चालत नाही आणि मला लडाख नको असंही म्हणून चालत नाही.

चौथा रस्ता आर्मीच्या शाळांचा, आर्मी पब्लिक स्कूलसाठी त्यांची स्वतःची ऑनलाइन स्क्रीनिंग टेस्ट असते, आणि जम्मू-काश्मीर, लडाखमध्ये सैन्याच्या सद्भावना योजनेतल्या गुडविल स्कूल आहेत. इथे पोस्ट कायम आहे की मुदतीची हे आधी विचारून घ्या.

हिमाचल किंवा लडाख सरकारच्या शाळेत लागता येईल का?

त्या नादाला लागू नका. लडाखमध्ये २०२५ पासून नोकरीला डोमिसाइलची अट आहे, ३१ ऑक्टोबर २०१९ पासून मोजून १५ वर्षं रहिवास. हिमाचलमध्येही क्लास थ्रीच्या पदांना बाहेरच्यांनी दहावी-बारावी तिथल्याच शाळेतून केलेली लागते. आणि त्यांचं बरोबरच आहे, तिथली पोरंपोरी पण डी.एल.एड., म्हणजे आपलं डी.एड., करून बसलीयेतच की.

माझं फक्त डी.एड. झालंय, मला चालेल का?

नवोदय आणि एकलव्य दोन्ही सहावीपासून सुरू होतात, त्यामुळे नुसत्या डी.एड.वर तिथे शिक्षक म्हणून जागा नाही. तुमच्यासाठी केंद्रीय विद्यालयाची प्रायमरी टीचरची पोस्ट आहे, आणि तिथे तुमची बाजू उलट भक्कम झालीये, कारण ११ ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही. सीटीईटी म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, तिचा पेपर एक काढून ठेवा. १५० पैकी ९० मार्क, म्हणजे ओपनला ६० टक्के लागतात, आणि एकदा पास झालात की सर्टिफिकेट कायमचं चालतं. बी.एड.वाल्यांनी पेपर दोन द्यायचा. भाषा म्हणून मराठी घेता येते, बिनधास्त घ्या. पण मुलाखतीत आणि पुढे वर्गात हिंदी-इंग्रजी दोन्हीत बोलायला लागतं, त्याची सवय आत्तापासून करा, रोज आरशासमोर दहा मिनिटं एक धडा हिंदीत शिकवून बघितला तरी फरक पडतो.

पगार हातात किती पडतो?

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार प्रायमरी टीचरला ३५,४००, टीजीटीला (सहावी ते दहावी) ४४,९०० आणि पीजीटीला (अकरावी-बारावी) ४७,६०० ने सुरू होतो. त्यावर महागाई भत्ता, ट्रान्सपोर्ट अलाउन्स, आणि जागा अवघड यादीत असेल तर टफ लोकेशन अलाउन्स. यातून पेन्शनचे १० टक्के कापले जातात, मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर. कॅम्पसमध्ये क्वार्टर मिळालं की घरभाडे भत्ता नाही, हे लोक हिशोबात धरत नाहीत आणि मग पहिली स्लिप बघून नाराज होतात.

पण खरा हिशोब खर्चाचा आहे. उन्हाळ्यात तिथे पैसे खर्च करायला जागाच नाही, मॉल नाही, हॉटेलिंग नाही, पेट्रोलचा खर्च नाही, पगार साठतो. ऑगस्ट-सप्टेंबर आला की तो एकदम बाहेर पडतो, कारण सहा महिन्यांचं सामान एकदाच भरायचं असतं: लाकूड, रॉकेल किंवा गॅसची जादा टाकी, डाळी, तांदूळ, पीठ, तेल, बटाटे, कांदे, औषधं. त्यात पहिल्या वर्षी कपडे, बूट, रजया, तंदूर. म्हणून जॉइन झाल्याझाल्या बाइकचा किंवा फ्लॅटचा हप्ता सुरू करू नका. पहिला हिवाळा बिनकर्जाचा जाऊ द्या, दुसऱ्या वर्षापासून घरी पैसे पाठवायला जड जात नाही. मी स्वतः तिथूनच आईच्या घराचं छत घातलं, त्यामुळे पोट भरतं का या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे, फक्त पैसा वर्षभर सारखा खेळत नाही.

खासगी शाळेकडून फोन आलाय, राहणं-खाणं फ्री म्हणतात. जाऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला काळजीही याचीच वाटते. चांगल्या शाळा आहेत, कित्येक ट्रस्टच्या, मनापासून चालवलेल्या. तरी जायच्या आधी काही गोष्टी लेखी घ्या. थंडीच्या सुट्टीचा पगार मिळणार का? ही सुट्टी दीड-दोन महिने किंवा जास्तच असते आणि तेवढे महिने पगार नसेल तर वर्षाचं गणितच बदलतं. खोली गरम करायचं लाकूड किंवा रॉकेल कोणाच्या खर्चाने? खोलीत पाणी येतं का, आणि जानेवारीत कुठून येतं? मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणार का? ठेवून घेणार म्हणाले तर तिथेच नाही म्हणा, झेरॉक्स द्या, मूळ कागद कोणालाच देऊ नका.

माझ्या ओळखीतली चांदवडची एक मुलगी अशीच गेली, फोनवर सांगितलेला पगार आणि हातात आलेला पगार यात निम्म्याचा फरक, आणि सर्टिफिकेटं अडकवून ठेवलेली, म्हणून ती भर बर्फात तिथे अडकली. तिला मदत केली ती गावातल्या लोकांनी. एका घरातल्या आजीने तिला महिनाभर स्वतःकडे जेवू घातलं. लोक चांगलेच आहेत हो तिथले, पण त्यांच्या चांगुलपणावर नोकरी करायला जायचं नसतं.

तिकडे वर्षभर बर्फच असतो का? शाळा कधी भरते?

नाही. लाहौलमध्ये जून ते सप्टेंबर ऊन असतं, मटार, फ्लॉवर, बटाट्याची शेतं हिरवीगार असतात, पाऊस फारसा नाही. बर्फ साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मोठी सुट्टी मे महिन्यात नाही तर हिवाळ्यात. हिमाचलच्या बर्फाच्या भागात ती बहुतेक जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य असते, लेहकडे डिसेंबरमध्येच सुरू होऊन फेब्रुवारी संपेपर्यंत जाते. म्हणजे भर जानेवारीत तुम्ही नाशकात असता आणि लोकांना वाटतं की थंडी चुकली.

चुकत नाही. अवघड दिवस असतात ते फेब्रुवारीत परत गेल्यावरचे. खोली दीड महिना बंद, भिंती गारठून गेलेल्या, पाइप गोठलेले, लाकूड संपत आलेलं, दारासमोर कमरेएवढा बर्फ आणि शाळा सुरू. त्यावेळी पोरं आपापल्या गावातून चालत, बसने, जीपने येतात आणि पहिल्या दिवशी विचारतात, 'मॅडम जी, आप आ गए?' हा प्रश्न ती पोरं का विचारतात ते पुढे सांगते.

थंडी सहन होईल का? आम्हाला निफाडची थंडी माहितीये.

निफाडला ४-५ अंशांवर पारा गेला की पेपरात बातमी येते, द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या करतात. लाहौलच्या केलाँगला ती दुपार असते. हिवाळ्यात रात्री उणे १० च्याही खाली जातं, लेहला उणे २० पर्यंत, द्रासला त्याहून खाली. तरी सांगते, कोरडी थंडी असते, ऊन निघालं की अंगणात स्वेटरवर बसता येतं. शरीराला सवय होते. सवय होत नाही ती अंधाराची आणि एकटेपणाची, पाच-साडेपाचला सूर्य डोंगरामागे गेला की रात्र फार लांब असते.

कपडे इथून विकत घेऊन जाऊ नका. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटचे स्वेटर नाशिकसाठी चांगलेत, तिथल्यासाठी थर्मल, लोकरीचे जाड मोजे, आतून अस्तर असलेले गमबूट आणि कान झाकणारी टोपी मनालीत किंवा लेहमध्ये घ्या, स्थानिक बायकांना सोबत नेऊन घ्या, त्या बरोबर निवडतात. बूट एक नंबर मोठा, म्हणजे दोन मोजे बसतात. बर्फावरून चमकणाऱ्या उन्हाने डोळे जातात म्हणून चांगला काळा गॉगल, ही चैन नाही.

राहायचं कसं? पाणी गोठतं म्हणजे काय होतं?

खोलीच्या मध्यभागी तंदूर असतो. आपला रोटीचा नाही, पत्र्याची चौकोनी पेटी, तिला धुराडं, आत लाकूड जळतं, वर पाण्याची किटली सतत. काश्मीर-लडाखकडे त्याला बुखारी म्हणतात. सकाळी उठल्यावर पहिलं काम ते पेटवायचं, आणि ते जमायला आठवडा लागतो: आधी देवदारच्या बारीक ढलप्या, मग मध्यम लाकूड, झडप पूर्ण उघडी, आणि आग धरली की झडप अर्धी बंद, नाहीतर सगळी ऊब धुराड्यातून वर जाते. धुराड्यातली काजळी दर पंधरा-वीस दिवसांनी झाडावी लागते, नाही झाडली की धूर खोलीत.

आणि हे कृपा करून वाचा: निखारे असताना सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात डोंगराळ भागातून अशा बातम्या येतात. खिडकीची एक फट उघडी ठेवा, झोपण्याआधी आग विझू द्या आणि रजयांवर भागवा.

पाण्याचं असं की रात्री नळ थेंब थेंब चालू ठेवतात, वाहतं पाणी लवकर गोठत नाही. जास्त थंडीत तेही चालत नाही, मग संध्याकाळीच मेन बंद करून पाइप रिकामा करायचा. नाही केला तर आतला बर्फ फुगून पाइप फाटतो आणि एप्रिलपर्यंत प्लंबर मिळत नाही. पाण्याचा ड्रम तंदूरजवळ ठेवायचा आणि काठोकाठ भरायचा नाही. सकाळी वर बर्फाचा पापुद्रा असतो तो तांब्याने फोडून पाणी काढायचं. अंघोळ रोज होत नाही, कोणीच करत नाही, त्यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

बर्फ पडला की छपरावरचा उपसायचा. लाहौलची जुनी घरं सपाट मातीच्या छताची, बर्फ राहिला की वजन येतं आणि वितळला की गळतं. लाकडी फावडं घेऊन पहाटे सगळं गाव छपरावर असतं. तुम्ही बाहेरचे आहात म्हणून कोणी बोलावणार नाही, पण तुम्ही स्वतःहून फावडं घेऊन शेजाऱ्याच्या छपरावर गेलात तर त्या दिवसापासून तुम्ही त्या गावाचे. मास्तर म्हणून मान मिळतोच, पण शेजारी म्हणून जागा अशी मिळते.

जेवणाचं काय? भाकरी मिळेल का?

ज्वारी-बाजरी मिळत नाही. पीठ इथून न्या, थंडीत टिकतं, मी पेठची नागली दळून न्यायचे. काळा मसाला, शेंगदाणे, कुळीथ पीठ, वाळवलेली मेथी, पोहे न्या. तीन हजार मीटरवर पाणी साधारण ९० अंशालाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजतच नाही, कुकर लागतोच, आणि कुकरची जादा रिंग आणि शिट्टी पण न्या, तिथे बर्फात कुकरची रिंग फाटली की काय होतं ते विचारू नका. ताजी भाजी ऑक्टोबरनंतर कमी होत जाते, लोक कोबी-बटाटे जमिनीत खड्डा करून पुरून ठेवतात आणि हिवाळाभर काढतात. थुक्पा (नूडल्सचं गरम सूप), सत्तू, लोणी-मिठाचा चहा, सगळं खायला शिका. मिठाचा चहा पहिल्यांदा नको वाटतो, बर्फात तासभर चालून आल्यावर आवडायला लागतो.

वर्गात शिकवणं किती वेगळं आहे? भाषा समजते का?

पोरं हिंदी छान बोलतात. घरची भाषा वेगळी, लाहौलच्या एकट्या खोऱ्यातच पट्टनी, गाहरी, तिनन अशा निरनिराळ्या आहेत, स्पितीत आणि लडाखमध्ये भोटी, द्रासला शिना, कारगिलला पुरगी. चार शब्द शिका, पोरं जीव टाकतात. सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेत ज्यांनी शिकवलंय त्यांना हे सांगायला नको, घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी असणाऱ्या पोराला गणित येत असतं पण गणिताचा प्रश्न कळत नसतो. शाब्दिक उदाहरणं मी आधी त्यांच्या भाषेत त्यांच्याकडूनच सांगून घ्यायचे, मग सोडवायला द्यायचे. पुस्तकात आंब्याची पेटी असेल तर मटारची गोणी करायची, एवढ्याने निम्मा वर्ग जागा होतो.

थंडीच्या दिवसांत वर्ग तंदूरभोवती भरतो. पुढे बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्याची पाठ गारठते, म्हणून आमच्या वर्गाचा नियम होता की एक उदाहरण सुटलं की सगळ्यांनी एक जागा सरकायचं, पुढचा मागे, मागचा पुढे. मग काय, मागच्या रांगेतले पोरं जीव तोडून गणित सोडवायची आणि पुढचे 'मॅडम जी, एक बार फिर से समझाओ' म्हणत वेळ काढायचे. बॉलपेनची शाई धरत नाही, तर पेन दोन्ही तळव्यांत घासायचं नाहीतर काखेत धरून बसायचं, म्हणून मी लिहायला सरळ पेन्सिलच सांगितली. लाइट गेली की सोलर कंदील. त्या उजेडात नववीच्या पोरांनी समरूप त्रिकोण स्वतःहून सिद्ध करून दाखवले, माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आनंदाचा तास.

बोर्डाच्या वर्गांचं लक्षात ठेवा: सीबीएसई बर्फाच्या भागातल्या शाळांच्या प्रॅक्टिकल परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच घेते. म्हणजे इथे दिवाळीनंतर जो अभ्यासक्रम निवांत चालतो तो तिथे ऑक्टोबरपर्यंत संपवावा लागतो. जूनपासूनच मागून मोजत प्लॅनिंग करा.

एकटी मुलगी राहू शकते का? लग्न झालेलं असेल तर?

राहू शकते. मी राहिले, रात्री सात वाजता कॅम्पसबाहेर एकटी चालले आहे, कधी कोणी वाकडं बोललं नाही. घरच्यांना पटत नसेल तर त्यांना एकदा जूनमध्ये घेऊन जा, गाव बघितल्यावर त्यांची भीती जाते. लग्न झालेल्यांचं अवघड आहे हे खरं. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या नवऱ्याला तिथे काही काम नाही. लहान मूल असेल तर डॉक्टरची सोय आधी बघा. माझं मत विचाराल तर लग्नाआधीची तीन-चार वर्षं यासाठी सगळ्यात चांगली. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीची तरतूद असते, पण ती रिकाम्या जागेवर अवलंबून, तिच्या भरवशावर संसार मांडू नका.

तब्येतीची काय काळजी घ्यावी?

लेहला विमानाने थेट ३,२५० मीटरवर उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, जिना सुद्धा हळू चढायचा. डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, बसल्या जागी दम लागला, चालताना तोल गेला तर लगेच हॉस्पिटल, लेहला एसएनएम हॉस्पिटल आहे. उद्या बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही. दमा, हृदयाचा त्रास, बीपी असेल तर जॉइन होण्याआधी डॉक्टरांना विचारा, उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स वगैरे गोळ्या पण त्यांना विचारूनच. पायाची बोटं लाल होऊन सुजतात, खाजतात, ओले मोजे लगेच बदलणं हाच उपाय, आणि गारठलेले पाय थेट तंदूरला लावायचे नाहीत. नेहमीची औषधं सहा महिन्यांची.

नाशिकहून जायचं कसं?

नाशिकरोडहून दिल्लीला राजधानी, मंगला, पंजाब मेल, बऱ्याच गाड्या आहेत. जम्मूला जायचं तर मनमाडहून झेलम. दिल्लीच्या कश्मीरी गेटहून रात्रीची मनालीची बस, पुढे अटल टनेल. ३ ऑक्टोबर २०२० ला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि लाहौलचं नशीब बदललं, आधी रोहतांगची खिंड बंद झाली की खोरं महिनोन् महिने तुटायचं आणि हेलिकॉप्टरच्या सीटसाठी लोक चिठ्ठ्या घेऊन फिरायचे. आता रस्ता मोठ्या बर्फातच बंद होतो, तोही काही दिवस. स्पितीला मनालीकडून जाणारा कुंझुम खिंडीचा रस्ता हिवाळाभर बंदच, तिथे शिमला, रामपूर, रिकाँगपिओ, ताबो असं फिरून जायचं.

सुट्टीवरून परतताना शाळा उघडायच्या निदान चार दिवस आधी मनालीत पोचा. हिमस्खलनाचा इशारा असेल तर ड्रायव्हर कितीही म्हणाला तरी निघायचं नाही.

फोन, इंटरनेट, बँक?

हिमाचलमध्ये आपलं प्रीपेड सिम चालतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड चालत नाही, पोस्टपेड करून जा नाहीतर तिथे नवीन घ्या. बर्फ पडला की लाइट आणि नेट दोन-तीन दिवस जाऊ शकतं, हे आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती घाबरत नाही. घरात थोडी रोकड असू द्या.

ट्युशन घेऊन जादा कमाई होईल का?

नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. आणि निवासी शाळेत संध्याकाळी अभ्यासिका, रात्री होस्टेलची राउंड, रविवारी कोणाला ताप आला तर त्याला दवाखान्यात नेणं, वेळच उरत नाही. होस्टेलचं हे काम पगारात धरलेलं आहे, ते ओझं वाटणार असेल तर नवोदय-एकलव्यचा फॉर्म भरू नका, केंद्रीय विद्यालयाचा भरा.

आधी दोन-तीन महिने व्हॉलंटियर म्हणून जाऊन बघू का?

स्वतःला अजमवायला ठीक आहे, लडाखला फे गावात सेकमॉल ही शिक्षणात काम करणारी संस्था आहे, १९८८ साली सुरू झालेली, तिथे असे लोक जातात. पण जून-जुलैत जाऊन बर्फातली नोकरी कळत नाही, जायचंच तर मार्चमध्ये जा. आणि गेलात तर पोरांना फक्त गाणी-खेळ शिकवून फोटो काढून येऊ नका, शाळेला विचारा की तुम्हाला कोणत्या विषयाला माणूस कमी आहे, आणि तोच विषय घ्या.

नाहीच जमलं तर मध्येच सोडून येता येईल का?

येता येतं, नोटीस देऊन राजीनामा द्यायचा. पण कधी द्यायचा याचा विचार करा. वर लिहिलं ना, पोरं फेब्रुवारीत विचारतात की मॅडम तुम्ही आलात? कारण त्यांनी न आलेले शिक्षक खूप बघितलेत. मे-जूनमध्ये हौसेने येतात, डोंगराचे फोटो टाकतात, ऑक्टोबरमध्ये पहिला बर्फ पडला की मेडिकल रजा टाकून घरी जातात आणि मग मार्चपर्यंत त्या वर्गाला विज्ञान शिकवायला कोणी नसतं. भर बर्फात बदली माणूस मिळत नाही. ज्या पोराला दहावीच्या वर्षी असं झालं त्याचं पुढचं सगळं त्यावर ठरतं. माझ्या वर्गातल्या एका पोरीने सातवी आणि आठवी दोन्ही वर्षं अर्ध्यात शिक्षक गेलेले बघितले होते, नववीत आली तेव्हा तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती, हुशार असून.

म्हणून सोडायचंच असेल तर ऑगस्टच्या आत सोडा, म्हणजे शाळेला कंत्राटी का होईना माणूस शोधायला वेळ मिळतो. नाहीतर मार्चची परीक्षा संपवून सोडा. बदली हवी असेल तर केंद्रीय विद्यालयात अवघड आणि अतिअवघड ठिकाणची मुदत पूर्ण केल्यावर पसंतीच्या जागेसाठी प्राधान्य मिळतं, नेमकी वर्षं त्या त्या वेळच्या ट्रान्सफर पॉलिसीत वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आम्हाला जायचं नाही, पण शाळेला काही पाठवता येईल का?

हो, आणि असं विचारणारे खूप आहेत याचा आनंद होतो. जुने कपडे नका पाठवू, त्यांच्याकडे त्यांचे उबदार कपडे आहेत, आपले सुती तिथे कामाचे नाहीत. हिंदी-इंग्रजी गोष्टींची पुस्तकं, नकाशे, भिंगं, चुंबक, मोजपट्ट्या, भूमितीच्या पेट्या पाठवा. लडाखच्या दुर्गम शाळांत १७००० फूट फाउंडेशन वाचनालयं उभी करतं, त्यांच्यामार्फतही देता येतं. पार्सल टाकायचं तर पोस्टानेच, आणि सप्टेंबरच्या आत, त्यानंतर टाकलेलं बऱ्याचदा खालीच पडून राहतं आणि एप्रिलमध्ये पोचतं.